अमानत आणि राज्याची वेस

मुलांना आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात शिकवावे की परराज्यात पाठवावे, हा प्रश्न वरवर पाहता फीचा, गुणांचा आणि गाडीभाड्याचा आहे. बारावीचा निकाल लागला की पालक तो तसाच विचारतात. "सर, मुंबईला फॉर्म भरू का अलीगढला?" "हैदराबादला उर्दूतून डिग्री होते म्हणतात, खरं का?" "सुरत इथून जवळ, मग तिथे का नको?" आम्ही डहाणू तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि राहतो कासाला. फॉर्मची शेवटची तारीख विचारायला आलेला बाप थोडा वेळ बसला, चहा झाला, की वेगळंच काही विचारू लागतो, असा आमचा अनुभव आहे. पोरगा हातचा जाईल का? पोरीला पाठवलं तर लोक काय म्हणतील? एवढा खर्च करून तो परत येईल का? हे प्रश्न कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसतात, आणि निर्णय तर त्यांच्यावरच होतो.

मूल ही अल्लाहची अमानत आहे, असं आपण सहज म्हणतो. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू. ती सांभाळायची, पण आपली समजून वापरायची नाही. हा शब्द आपल्याला अकीक्याच्या दिवशी आठवतो, लेकीच्या निकाहात आठवतो. विद्यापीठाचा फॉर्म भरताना तो आठवला, तर निर्णय कसा बदलेल, एवढंच येथे पाहायचं आहे.

वेस कुठे आहे?

आमच्या भागात 'परराज्य' हा शब्द जरा विचित्र वाटतो. चारोटी नाक्यावरून हमरस्त्याने निघालं की तलासरी, पुढे आच्छाड, आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर गुजरात सुरू. भिलाड आणि वापीला कामाला जाणारी माणसं रोज राज्य ओलांडतात आणि संध्याकाळी घरी जेवायला येतात. आमच्या कितीतरी घरांच्या सोयरिकी वलसाड आणि सिल्वासाकडे आहेत. विद्यापीठांचं अंतर मोजलं तर सुरत आम्हाला पुण्याहून जवळ आणि बडोदा कोल्हापूरहून जवळ. मुंबई विद्यापीठ आमचं, हे खरंच. १८५७ सालचं, आणि पालघर जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात. पण त्याच कार्यक्षेत्रात सिंधुदुर्गही आहे. तळकोकणातला विद्यार्थी आणि तलासरीचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे, आणि तलासरीच्या शेजारचा उंबरगावचा मुलगा मात्र परका.

एनआयटीचं उदाहरण घ्या. या केंद्र सरकारच्या संस्था, तरी त्यांच्या निम्म्या जागा ज्या राज्यात संस्था आहे तेथल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आमच्या मुलासाठी घरची एनआयटी म्हणजे नागपूरची, येथून सात-आठशे किलोमीटर. सुरतची एनआयटी डहाणू स्टेशनावरून सकाळी गाडीत बसलं तर दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येते; पण तेथे तो 'इतर राज्याचा' ठरतो, आणि देशभरातल्या मुलांशी त्याची स्पर्धा होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की राज्याची वेस अंतर सांगत नाही. ती हक्क सांगते. कुठे आपला दाखला चालतो, कुठे आपण घरचे आणि कुठे पाहुणे, हे ती ठरवते. जवळ-दूरची चर्चा करताना या दोन गोष्टींची गल्लत होते.

ही वेस न्याय्य आहे का?

सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि पंच्याऐंशी टक्के राज्याकडे राहतात. राज्याचा युक्तिवाद साधा आहे. इमारत आमच्या पैशातून, प्राध्यापकांचा पगार आमच्या तिजोरीतून, आणि येथे शिकलेला डॉक्टर येथेच राहण्याचा संभव अधिक. कासाच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात जव्हार-विक्रमगडकडून आलेली रांग पाहिली की हा युक्तिवाद पटतो.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात म्हटलं, की या देशात अधिवास एकच आहे, तो भारताचा. राज्यातल्या रहिवासाला एमबीबीएसच्या पायरीवर काही मर्यादेपर्यंत जागा आहे, पण जसजसं शिक्षण वर चढतं तसतशी गुणवत्ताच पाहिली पाहिजे, असं त्याचं सूत्र. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनेच्या समानतेत बसत नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्राच्या आतही अशी एक वेस होती. वैद्यकीय प्रवेशात विभागाच्या विद्यार्थ्यांना सत्तर आणि बाहेरच्यांना तीस टक्के असं सूत्र होतं. मराठवाड्यातून त्याविरुद्ध बराच आवाज उठला आणि २०२० साली ते रद्द झालं.

आम्हाला यातून एक तोल दिसतो. पहिल्या पायरीवर कुंपण असावं, कारण कासाच्या मुलाला दिल्लीच्या मुलाबरोबर एका रेषेवर उभं करून 'पळा' म्हणणं हा न्याय नाही. पण सर्वात वरच्या पायरीवर कुंपण नसावं, कारण तेथे रुग्णाला सर्वात चांगला डॉक्टर हवा असतो, तो कुठल्या गावचा आहे हे तो विचारत नाही. आणि आपण मात्र सोयीचा न्याय मागतो. कुंपण आपल्या मुलाला वाचवतं तेव्हा ते योग्य, सुरतला अडवतं तेव्हा अन्याय. आमच्याच मोहल्ल्यात एकाच तोंडून, एकाच आठवड्यात ही दोन्ही वाक्यं आम्ही ऐकली आहेत. जो नियम आपल्याला हवा, तो शेजाऱ्यालाही असणार, हे मान्य करूनच हिशेबाला बसावं.

दाखला कुठवर चालतो?

हिशेबात राज्याच्या बाजूला बरंच काही आहे, आणि आपले पुष्कळ पालक ते मोजतच नाहीत. महाराष्ट्रात मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार अशा अनेक मुस्लिम जमाती इतर मागासवर्गात आहेत. ज्यांची जमात यादीत नाही आणि उत्पन्न मर्यादेत आहे, त्यांना २०१९पासून आर्थिक दुर्बल घटकाचा मार्ग आहे. धर्माच्या नावाने आरक्षणाचा प्रयत्न २०१४ साली झाला. पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो अडवला नाही, तरी त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा ज्याच्या हाती ओबीसीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आहे, त्याच्याकडे खरी किल्ली आहे. ती परराज्याच्या राज्य विद्यापीठात लागत नाही. गुजरात सरकारच्या विद्यापीठात महाराष्ट्राच्या दाखल्यावर राखीव जागा मिळत नाही. केंद्रीय विद्यापीठात जेथे हे आरक्षण आहे, तेथे केंद्राच्या यादीत नाव आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तहसील कार्यालयात अर्ज देताना हे सांगितलं नाही, तर राज्याचाच नमुना हाती येतो आणि ऐन प्रवेशात धावपळ होते.

मुलींसाठी तर २०२४-२५ या वर्षापासून मोठी सोय झाली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, मुलगी आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास किंवा इतर मागासवर्गातली असेल आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, बी.एड. अशा कितीतरी वाटा त्यात आल्या. राज्याची वेस ओलांडली की ही सोय मागे राहते.

सीमेवरच्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्राच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच लागते. तलासरीचं मूल जवळ पडतं म्हणून अकरावीला वापीत किंवा सिल्वासाला गेलं, तर दोन वर्षांनी त्याचा घरचा हक्क अडचणीत येऊ शकतो. विद्यापीठाचा निर्णय आपण बारावीनंतर घेतो असं समजतो. आमच्या भागात तो कधी कधी दहावीनंतरच, नकळत, होऊन गेलेला असतो.

आता दुसरं पारडं. अलीगढ, जामिया, हैदराबादची मौलाना आझाद उर्दू युनिव्हर्सिटी ही केंद्रीय विद्यापीठं. त्यांची फी खासगी संस्थांच्या मानाने फारच कमी, वसतिगृहं मोठी, ग्रंथालयं भरलेली. २०२२पासून पुष्कळ केंद्रीय विद्यापीठांचे पदवीचे प्रवेश सीयूईटी या एका परीक्षेतून होऊ लागले, त्यामुळे कासाच्या मुलाला प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रवेश परीक्षा देत फिरावं लागत नाही. मात्र पुढचा आधार पूर्वीइतका राहिला नाही, हेही सांगितलं पाहिजे. एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३पासून बंद झाली.

उर्दू माध्यमाच्या मुलाची गोष्ट तर अगदीच निराळी. जन्म डहाणूचा, शाळा डहाणूची, पण मुंबईतल्या महाविद्यालयात पहिल्या दिवशी व्याख्यान इंग्रजीत आणि गप्पा शहरी मराठीत. तो वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो. स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या विद्यापीठात तो परदेशी. तोच मुलगा हैदराबादला गेला तर त्याच्या भाषेत प्रश्नपत्रिका असते. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात प्रवेशाला उर्दू येणं ही अटच आहे. जी गोष्ट येथे अडचण, ती तेथे पात्रता. पण ही सुटका पुरी नाही. पदवी घेऊन तो परत आला आणि तलाठ्याच्या परीक्षेला बसला की मराठी समोर उभी राहते, आणि तीन वर्षांत ती गंजलेली असते. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, उर्दूच्या आधारावर जरूर जा, मराठीचा हात सोडून जाऊ नका. ज्या मातीत राहायचं तिची भाषा कुणाच्या उपकाराची नाही, आपल्या हक्काची आहे.

भीती आणि मिरवणं

आतापर्यंतचा हिशेब कागदावर मांडता येतो. खरी अडचण पुढे आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत आपण दोन खोटी वजनं टाकतो, आणि ती दिसत नाहीत. एक भीतीचं आणि दुसरं मिरवण्याचं.

मिरवण्याचं वजन दूरच्या पारड्यात पडतं. "आमचा पोरगा दिल्लीला आहे" हे वाक्य शादीच्या मंडपात बोलायला बरं वाटतं. काय शिकतो, हे विचारलं तर पुष्कळदा बापाला सांगता येत नाही. असा मुलगा कुठल्या तरी विषयात, जो त्याने मागितलाच नव्हता, शहराच्या नावासाठी बसवलेला असतो. मुलाच्या तीन वर्षांवर आपण आपली इज्जत विणतो. हा अमानतीत केलेला खर्चच झाला.

भीतीचं वजन जवळच्या पारड्यात पडतं, आणि ती भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. नाव पाहून खोली नाकारली जाते, हा अनुभव आपल्या मुलांना परराज्यातही येतो आणि आपल्याच राज्यातल्या शहरांतही येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली ते कोलंबियाला गेले. तेथे त्यांना माणूस म्हणून वागवलं गेलं. करारानुसार नोकरीसाठी ते १९१७ साली बडोद्याला आले, तर त्या शहरात त्यांना राहायला छप्पर मिळेना. पारशी सरायीतून त्यांना बाहेर काढण्यात आलं. सात समुद्रांपलीकडे दार उघडं आणि घराजवळ बंद. जवळ म्हणजे सुरक्षित आणि दूर म्हणजे धोका, हे समीकरण या एका गोष्टीने मोडतं. म्हणून शहराचं नाव विचारण्याआधी वसतिगृह आहे का, ते विद्यापीठाचं आहे का, हे विचारावं. ज्या मुलाला विद्यापीठाच्या हक्काची खोली मिळते, त्याला घरमालकाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. सर सय्यद अहमद १८६९ साली मुलांबरोबर इंग्लंडला गेले. परत येऊन १८७५ साली अलीगढला जे उभं केलं, त्यात वर्गांइतकंच महत्त्व मुलांच्या एकत्र राहण्याला होतं. ते उगीच नव्हे.

मुलगा, मुलगी आणि एकच तराजू

आमच्या ओळखीचे एक टेम्पोवाले आहेत. दोन अपत्यं, वर्षाच्या अंतराने बारावी झालेली. मुलाला एकसष्ट टक्के, मुलीला ब्याऐंशी. मुलासाठी त्यांनी तीन राज्यांतले फॉर्म भरले, कर्जाची चौकशी केली, आणि शेवटी तो उत्तरेतल्या एका विद्यापीठात लागला. मुलीची वेळ आली तेव्हा म्हणाले, "सर, तिला जवळच बरं. रोज घरी येईल." आम्ही विचारलं, जवळ म्हणजे कुठे? तिच्या विषयाचं चांगलं महाविद्यालय विरारकडे. पहाटे कासाहून एसटी किंवा मिळेल ती जीप पकडून डहाणू स्टेशन, तेथून लोकल. संध्याकाळी तेच उलट. जायला दोन तास, यायला दोन तास, पावसाळ्यात किती ते कुणी सांगू नये. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चोवीस तास. म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा दिवस आणि रात्र ती मुलगी रस्त्यावर असणार, अंधारात स्टेशनावर उभी राहणार, आणि याला आपण सुरक्षित म्हणणार. वसतिगृहात राहून दहा मिनिटांत वर्गात पोचणारी मुलगी मात्र असुरक्षित.

ते गप्प बसले, मग म्हणाले, "तुमचं खरं आहे, पण लोक?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मुलीला नाही पाठवलं. ती आजही चार तासांचा प्रवास करते, आणि गुण चांगले आणते. भाऊ सुट्टीत आला की त्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयाविषयी विचारते.

येथे इतिहास आपल्या बाजूने आहे, लोकांच्या नाही. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांनी १९०६ साली अलीगढला मुलींची शाळा काढली आणि १९१४ साली तिचं वसतिगृह सुरू झालं. त्या काळी, पडद्याच्या त्या वातावरणात, घराबाहेर राहून शिकण्यासाठी मुली पाठवणारे आईबाप होते. शंभराहून अधिक वर्षांनंतर आपण त्यांच्याहून मागे का असावं? आणि त्याही मागे जायचं तर इमाम बुखारींची आई आठवावी. ती विधवा होती. दोन मुलांना घेऊन बुखाराहून हजला गेली. हज झाल्यावर ती मोठ्या मुलाबरोबर परतली आणि सोळा वर्षांचा धाकटा इल्मसाठी मक्केत राहिला. आपण इमाम बुखारींचा प्रवास सांगतो. धाकट्याला मागे ठेवून परतीची वाट धरणाऱ्या त्या आईविषयी क्वचितच बोलतो. तिच्या मनात भीती नसेल का? तिने ती तराजूत टाकली नाही, एवढंच.

आम्ही असं म्हणत नाही की प्रत्येक मुलीला दूर पाठवा. राज्यातली फीमाफी पाहता पुष्कळ मुलींसाठी महाराष्ट्रातलंच सरकारी महाविद्यालय, वसतिगृहासह, सर्वात शहाणपणाचं ठरेल. आमचं म्हणणं एवढंच, की मुलासाठी जो तराजू काढला तोच मुलीसाठी काढा. मुलाच्या वेळी विषय, फी, वसतिगृह आणि पुढची वाट मोजली, तर मुलीच्या वेळी फक्त अंतर मोजू नका. दोन वेगळ्या मापांनी तोलणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

सरकारी जागेची किंमत कोण देतं?

आता शेवटचा प्रश्न, आणि तो पालकांच्या मनात सहसा येत नाही. सरकारी विद्यापीठाची फी कमी असते, याचा अर्थ तिची किंमत कमी असते असा नाही. ती कुणीतरी दुसरा देत असतो. कासाच्या बाजारात आपली किराण्याची, कापडाची, चपलांची दुकानं आहेत आणि गिऱ्हाईक बहुतेक वारली. डोंगरातून उतरून आलेली बाई आपल्या दुकानातून साबणाची वडी नेते, तिच्यावरचा कर सरकारजमा होतो, आणि त्या पैशातून आपला मुलगा अलीगढच्या किंवा मुंबईच्या वर्गात बसतो. तिचा स्वतःचा मुलगा बहुधा वीटभट्टीवर असतो. आपण मागास आहोत हे खरं आहे. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं, की नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एकच मुसलमान असतो. तो आकडा आपण व्याख्यानांत सांगतो आणि सांगायलाच हवा. पण आपल्या मागे उभी असलेली ती बाईही त्याच हिशेबात आहे.

आमच्या धामणीच्या धरणाकडे पाहा. सूर्येचं पाणी या भागातल्या शेतांसाठी अडवलं. आता त्यातलं बरंचसं जलवाहिन्यांतून वसई-विरार, मीरा-भाईंदरकडे जातं. येथले शेतकरी विचारतात, जमीन आमची गेली, पाणी कुणाचं झालं? शिकलेल्या मुलांविषयी गावाने हाच प्रश्न विचारला, तर आपण काय सांगणार?

येथे पालकांची एक चूक होते. 'परत ये' हे ते मुलाला कर्जवसुलीसारखं सांगतात. आम्ही एवढा खर्च केला, तू आता येथेच राहा. अमानतीवर व्याज लावता येत नाही. मुलगा बंगळूरला स्थिरावला, तर तो त्याचा निर्णय. पण त्याचं देणं आईबापापुरतं नाही, ज्या अनोळखी माणसांनी त्याची जागा भरली त्यांचंही आहे, आणि ते फेडायला कायमचं गावात राहावंच लागतं असं नाही. आमच्याकडे एक चांगली पद्धत पडते आहे. केंद्रीय विद्यापीठात शिकणारी दोन-तीन मुलं सुट्टीत आली की शाळेत येऊन बारावीच्या मुलांचे फॉर्म भरायला बसतात. सीयूईटीचे विषय कसे निवडायचे, केंद्राचा दाखला कुठे मिळतो, वसतिगृहाची यादी कधी लागते, सगळं सांगतात. गेल्या खेपेला त्यांनी शेजारच्या आश्रमशाळेच्या मुलांचेही फॉर्म भरले. आम्हाला ते फार आवडलं.

बाहेरून शिकून आलेलं ज्ञान एखाद्या भागाचं काय करतं, याचा दाखला आमच्याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक १९२०च्या दशकात भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम शिकल्या, करत राहिल्या. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा अंगणात गेली. मुलं गुरं चारायला जातात, तर शाळा कुरणात गेली. गुजरातेत रुजलेलं ज्ञान आमच्या वारली पाड्यांवर फुललं. ताराबाईंना कुणी विचारलं नाही, की तुमचं ज्ञान कुठल्या राज्याचं.

मग काय करावं?

एवढं सगळं झाल्यावर पालक म्हणतात, "सर, सरळ सांगा." सरळ सांगायचं तर क्रम असा धरावा. आधी मुलाला काय शिकायचं आहे ते त्याला विचारावं, आणि त्याच्या उत्तरात आपला शब्द घालू नये. मग तो विषय राज्यातल्या सरकारी संस्थेत आपल्या दाखल्यावर मिळतो का, हे पाहावं. मिळत असेल आणि वसतिगृह असेल, तर पदवीसाठी राज्य सोडण्याचं फारसं कारण नाही. हक्काची जागा सोडून पाहुणा व्हायला जाऊ नये. विषय येथे नसेल, किंवा भाषेपायी मूल येथेच परकं होत असेल, तर केंद्रीय विद्यापीठाचा रस्ता धरावा आणि वेस आड येऊ देऊ नये. पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी मात्र मुलाला बाहेर जायला स्वतःहून सांगावं. तोवर त्याचे पाय घट्ट झालेले असतात, आणि जग पाहण्याचं वयही तेच. प्रत्येक पायरीवर मुलगा असो वा मुलगी, माप एकच.

आणि रात्री एकट्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या मी नसेन, मला मिरवायचं नसेल आणि भ्यायचंही नसेल, तर या मुलासाठी मी काय निवडलं असतं? जे उत्तर येईल, त्याचाच फॉर्म भरावा. ज्याची अमानत आहे, तो शहराचं नाव विचारणार नाही, नियत विचारील.